मग?

बोटीचं तिकीट कुठे काढायचं एवढंच मला विचारायचं होतं. जानेवारीचा पहिला शनिवार, सकाळचे दहा वाजत आलेले, मार्वेच्या धक्क्यावर ओहोटीने पाणी पार खाली गेलेलं, शेवाळलेला उतार उघडा पडलेला आणि त्यावरून स्कूटरवाले पाय टेकवत, ब्रेक दाबत गाड्या बोटीत चढवत होते. ताई पुण्याहून आली होती. दोन दिवस कुठेतरी शांत जाऊया म्हणाली, आणि मीच तिला म्हटलं होतं की अलिबाग-बिलिबाग नको, तिथे सगळी मुंबईच येते, आपण मनोरीला जाऊ, मुंबईतल्या मुंबईत. मालाडहून 272 नंबरची बस पकडून आलो. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभी होती. फुलाफुलांचा लांब फ्रॉक, वर तपकिरी स्वेटर, डोक्याला रुमाल, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, हातात पालेभाजीने भरलेली पिशवी. मी तिला विचारलं, "आंटी, मनोरी का टिकट किधर मिलेगा?" तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, टिकलीपासून चपलेपर्यंत, आणि म्हणाली, "मराठी नाय येत काय तुला?" मी गडबडले. म्हटलं, "येतं ना. मराठीच आहे मी."

"मग?" ती म्हणाली.

बस, एवढंच. रागावली नव्हती, टोमणाही नव्हता, खरंच विचारत होती. मग हनुवटीने खिडकी दाखवली, "तिथं काढ, सुट्टे दे त्याला," आणि पिशवी सावरत उतार उतरून गेली, न घसरता, आणि मी मात्र ताईचा हात धरून एकेक पाऊल टाकत होते. खाडी ओलांडायला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. बोटीत ती पुढे बसली होती, आम्ही मागे दोन मोटारसायकलींच्या मध्ये उभ्या होतो. डिझेलचा धूर, उघड्या पडलेल्या चिखलाचा तो कुबट खारा वास, पाण्यावर कुरव पक्ष्यांचा थवा, दरवर्षी थंडीत उत्तरेकडून येतात ते पांढरे, आणि मागे वळून पाहिलं तर मालाडच्या टॉवरवर धुरकट राखाडी पट्टा. बघण्यासारखं एवढं सगळं होतं आणि माझं लक्ष त्या रुमाल बांधलेल्या डोक्याकडे. त्या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी हिंदीत का बोलले?

सवय, असं स्वतःला सांगून पाहिलं. मुंबईत आपण तोंड उघडतो तेच हिंदीत, रिक्षावाला, भाजीवाला, लिफ्टमन, बँकेतला माणूस, समोरचा कोण आहे हे कळायच्या आधीच "भैया" म्हणून झालेलं असतं. माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, दोन वर्षं आम्ही एकमेकांशी हिंदी-इंग्रजीत बोलत होतो, एकत्र डबे खाल्ले, आणि एके दिवशी त्याच्या आईचा फोन आला तेव्हा कळलं की हा साताऱ्याचा. दोघंही ओशाळलो. त्यानंतरही पहिला महिनाभर तोंडातून हिंदीच यायचं. हे मी कुणाला सुनावायला लिहीत नाहीये, ज्यांची भाषा हिंदी आहे त्यांनी हिंदीत बोलावं, माझी तक्रार फक्त माझ्याबद्दल आहे. पण सवय हे उत्तर मला पुरलं नाही, कारण मनोरीच्या धक्क्यावर उतरल्यावर रिक्षाची वाट बघताना ताई एकदम म्हणाली, "तिच्याऐवजी तिथे नऊवारीतली बाई असती तर तू हिंदीत विचारलं असतंस का?" मी काहीच बोलले नाही. "तू फ्रॉक बघितलास आणि क्रूस बघितलास," ताई म्हणाली, आणि रिक्षात बसली.

आम्ही उतरलो होतो ते घर गावठणातलं जुनं, पुढे पडवी, लाकडी कठडा, कौलांवर नारळाच्या झावळ्या टेकलेल्या, मालकांनी मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला काढलेल्या. दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, ओले बोंबील तळून आणि बॉटल मसाल्यातलं चिकन. हा मसाला उन्हाळ्यात, पावसाच्या आधी करतात, पंचवीस-तीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून मग बियरच्या काळपट बाटल्यांत दाबून भरतात, उजेड लागला तर रंग उडतो म्हणून. पहिला घास घेतला आणि मी थांबले. ही चव माझ्या ओळखीची होती. कुठली ते आठवेना. ताईकडे पाहिलं तर तीही चावायची थांबलेली. बोलली मात्र काही नाही, परत भाकरी मोडली.

मालक साठीचे. आमच्याशी आधी इंग्रजीत बोलत होते, आम्ही मराठीत उत्तरं देतोय म्हटल्यावर तेही मराठीत आले, हळूहळू, घट्ट झालेले जोडे पायात सरकवावेत तसे. आणि मग सुटलेच. त्यांचे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात हे मला माहीत होतं, पण पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांना हे पूर्वेचं नाव का, याचा विचार मी कधी केला नव्हता. ते म्हणाले, आम्ही इथलेच, साष्टीचे, शेती करणारे, मीठ पिकवणारे, मासे मारणारे. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि ही सगळी बेटं पोर्तुगीजांना दिली, त्यांच्या काळात आमच्या पूर्वजांचा धर्म बदलला, 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तोवर दोनशे वर्षं उलटून गेली होती. पुढे इंग्रजांच्या काळात गोव्याहून आणि मंगळुरूहून ख्रिस्ती लोक नोकरीसाठी मुंबईत यायला लागले, नावं सगळ्यांची सारखीच, मग आम्ही वेगळे, आम्ही इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून 1887 साली, राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीवरून. "नाव इंग्रजी घेतलं," ते म्हणाले, "पण लग्नात उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जातो ना, तेव्हा गाणी मराठीच."

लग्नातली गाणी मराठीच. दिवसभर ते माझ्या कानात राहिलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. मनोरीचा समुद्र काही पोस्टरवरचा निळा नाही, मुंबईचाच आहे तो, मातकट, पण उन्हं कलली की त्या मातकट पाण्यावर तांब्याचा रंग चढतो आणि मग डोळे हलत नाहीत. माणसं अगदी थोडी. सुरूच्या झाडांत वाऱ्याचा तो एकसुरी आवाज, लांब कुठेतरी कुत्रं भुंकतंय, पाण्याच्या कडेकडेने बारक्या चिखल्या पळतायत, लाट आली की मागे, लाट गेली की पुढे, पाय दिसतच नाहीत इतक्या भराभर. वारा गार होता, हवाहवासा, मुंबईत वर्षातून पंधरा-वीस दिवस मिळतो तेवढाच. सूर्य बुडाल्यावर पाण्याच्या वर चंद्राची कोर दिसली, शेजारी शुक्र. आम्ही वाळूत बसून राहिलो. शाल एकच होती, दोघींनी अर्धी अर्धी घेतली, लहानपणी गच्चीत बसायचो तशी. शांत हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी मला आत कुठेतरी वाटत होतं की ही शांतता म्हणजे मी समजते तशी रिकामी जागा नाही, इथे कुणाचं तरी सगळं आयुष्य भरलेलं आहे आणि मी त्यात दोन दिवस चपला घालूनच फिरतेय. लहानपणी हे धारावी बेट (हो, हेही धारावीच, मनोरी, गोराई, उत्तन सगळं मिळून) म्हणजे आमच्यासाठी फक्त एस्सेलवर्ल्ड होतं. 1989 ला ते सुरू झालं आणि शाळेतली निम्मी पोरं बोटीतून तिकडे जाऊन आली. पाळण्यांत बसलो, ओरडलो, परत आलो. पलीकडे गावं आहेत, माणसं आहेत हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

रात्री झोप लागेना. मच्छर होतेच, अगरबत्ती लावूनही, आणि समुद्र दिवसापेक्षा मोठ्याने ऐकू येत होता. अंधारात ताई म्हणाली, "खोताच्या वाडीतल्या आंटी."

हो. तीच चव.

आम्ही गिरगावात वाढलो, खोताच्या वाडीला लागूनच आमची चाळ. वाडीतल्या लाकडी जिन्यांच्या, नक्षीच्या कठड्यांच्या घरांपैकी एका घरात या आंटी राहायच्या. आता ती घरं मोजकीच उरलीत आणि त्यांचं घर तर केव्हाच गेलं. फ्रॉक घालायच्या, केस कापलेले, आम्हा मुलींना त्या कुणीतरी पिक्चरमधल्या वाटायच्या. पण त्या आमच्या आजीशी बोलायच्या त्या मराठीत. दारात उभ्या राहून, तासतासभर. पापलेट काय भावाने दिलं, नळाला पाणी किती वाजता आलं, सुनेचं काय चाललंय. आजीला "वयनी" म्हणायच्या, आणि आजी त्यांना नुसतं नावाने. नाताळात त्यांच्याकडून फुगे यायचे, गोल, पोकळ, किंचित गोडसर, गरम असले तर फोडल्यावर आतून ताडीच्या आंबवणाचा वास येणारे, आणि दिवाळीत आजीच्या करंज्या त्यांच्याकडे जायच्या. आजी मांसमच्छी खायची नाही, पण आंटींनी दिलेला बॉटल मसाला ती बटाट्याच्या रश्श्यात घालायची, आणि आम्ही ताट चाटायचो. म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. फ्रॉकमधल्या बाईची भाषा मराठी असते हे मी सहाव्या वर्षी जाणत होते, त्यात मला काही नवल वाटत नव्हतं. हे मी विसरले कधी? कुणी मला विसरायला सांगितलं? एकाही दिवसाकडे बोट दाखवता येत नाही. वाडी सुटली, आम्ही उपनगरात आलो, आजी गेली, आंटींचं काय झालं माहीत नाही, आणि मधल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्यासारखं कोण आणि परकं कोण याची यादी माझ्या डोक्यात आपोआप तयार झाली, मी ती वाचूनसुद्धा पाहिली नाही. त्या यादीवरून मी धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाईला तिच्याच गावात परकं ठरवलं. लाज वाटली, आणि ती चांगली खोल वाटली.

रविवारी सकाळी लवकर उठलो. अंगणातल्या स्कूटरच्या सीटवर दव साचलेलं, जमिनीकडून येणारा मतलई वारा बोचरा, चहाच्या पेल्याला दोन्ही हात लावून बसावं असा. नऊच्या सुमारास कोळीवाड्याकडे चालत निघालो तर आधी वास आला. ताईने पदर नाकाला लावला. मग दिसल्या त्या वलांड्या, बांबू रोवून आडव्या काठ्या बांधलेल्या, आणि त्यांवर ओळीने बोंबील, शेकडो, हजारो, कोवळ्या उन्हात आरपार दिसणारे, गुलाबी-पांढरे. जवळ जाऊन पाहिलं तर लक्षात आलं की ते बांधलेले नाहीत. बोंबलाच्या तोंडात बारीक, आत वळलेले दात असतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी काठीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना दोरा, ना सुई. आणि तिथे, एका वलांडीपाशी टोपली घेऊन, तीच. तोच स्वेटर, तोच रुमाल. हात इतके भराभर चालले होते की जबडे कधी अडकले ते दिसतच नव्हतं.

मी रात्रभर जे म्हणायचं ठरवलं होतं ते सगळं एकदम घशाशी आलं. म्हटलं, "काल मार्वेला आपण भेटलो होतो. मी तिकिटाचं विचारलं होतं तुम्हाला." तिने वर पाहिलं. "कवा?" "काल, सकाळी. मी हिंदीत विचारलं म्हणून तुम्ही म्हणालात, मराठी येत नाही का." तिने आठवून पाहिलं, खरंच प्रयत्न केला, पण नाही. "रोज बोटीत शंभर माणसं भेटतात बाय. काय बोलले मी?" मी सांगितलं. माझं उत्तर सांगितलं आणि तिचा तो "मग?" सांगितला. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "बरोबरच बोलले मग," आणि पुढची जोडी काठीवर टाकली.

मला हलकंही वाटलं आणि थोडं रितंही. जे मला रात्रभर टोचत होतं ते तिच्या गावीही नव्हतं. माफी मागायला आले होते, आणि ती घ्यायला तिथे कुणी नव्हतंच. मग मी गप्प उभी राहून बघत राहिले, आणि ताई, जिने नाकाला पदर लावला होता ती, खाली बसून विचारायला लागली, किती दिवस लागतात वाळायला? दोन-तीन, ती म्हणाली, ऊन आणि असा सुका वारा असला की, हाच हंगाम खरा. ओला बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच, वाळला की टोपलीभराचा मूठभर होतो. दादले डोल लावतात म्हणाली. डोल म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं मोठं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप त्यात जाते, म्हणून पाण्याची वेळ चुकली की सगळंच चुकलं. "वेळ कशी कळते?" मी विचारलं. मला वाटलं मोबाइलवर बघत असतील. तिने मला उलट विचारलं, "आज तिथी काय?"

मला माहीत नव्हतं. ताईलाही नाही. दोघींच्या कपाळावर टिकल्या, घरी भिंतीवर कालनिर्णय, आणि आज कुठली तिथी ते गळ्यात क्रूस घातलेल्या बाईने आम्हाला सांगितलं. "सष्टी आज. काल पंचमी होती. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी भरतं. सष्टी, म्हणजे सहाची पाऊणपट साडेचार. थोडं मागं-पुढं धरायचं. साडेचारला पहाटे भरलं, साडेचारला दुपारी भरेल, मधे साडेधाच्या सुमाराला सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, भांगाला पाण्याला जोर नसतो. उधाण उतरत चाललंय आता. हे तिला तिच्या बापाने शिकवलं आणि बापाला त्याच्या बापाने. मी म्हटलं, तुम्ही तिथ्या पाळता? ती हसली, पहिल्यांदाच. "समुद्र पाळतो ना. आणि आमचा ईस्टर पण चंद्रावरच येतो बाय, पुनवेच्या नंतरच्या रविवारी." सकाळचा मिस्सा करूनच ती इथे आली होती. तोही मराठीत असतो का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण कालपासून मी भाषेचंच धरून बसलेय असं वाटलं, म्हणून नाही विचारलं. आधीच्या वाळलेल्या बोंबलांचे दोन वाटे घेतले. तिने कागदात गुंडाळून वर सुतळी बांधली आणि एक जास्तीचा बोंबील आत सरकवला.

मालकांनी निघताना सांगितलं की इथे महापालिका समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आणणार आहे, दिवसाला 20 कोटी लिटरचा, आणि मार्वेहून पूल होण्याचं बोलणंही चालूच असतं. पूल झाला तर आजारी माणसाला रात्री-अपरात्री मालाडला नेता येईल, आत्ता बोट बंद झाली की भाईंदरवरून वळसा. ते मला पटलं. आणि पूल झाला की आमच्यासारखे शांतता शोधणारे गाड्या घेऊन येतील हेही दिसत होतं. दोन्ही खरं. माझ्याकडे यावर मत नाही, दोन दिवस राहून गेलेल्या माणसाकडे असूही नये.

परतीची बोट आम्ही मुद्दाम उशिराची धरली. धक्क्यावर पोचलो तेव्हा काल सकाळी जो उतार अर्धा उघडा होता तो जवळजवळ सगळा पाण्याखाली गेलेला, बोट पार वर आलेली, पाऊल उचलून ठेवलं की आत. मी घड्याळात पाहिलं. चार वाजून पंचवीस मिनिटं. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघी काही बोललो नाही. तिकिटाच्या खिडकीवर मी मराठीत बोलले, आतला मुलगा हिंदीत बोलला, मी मराठीतच पैसे मोजून दिले आणि त्याने मराठीत "सुट्टे आहेत का" विचारलं. लोकलमध्ये पिशवीतल्या बोंबलांचा वास सुटला होता, दोन बायका उठून दाराशी गेल्या, तिसरी मात्र आमच्याजवळ सरकली आणि कुठून आणले म्हणून चौकशी करत बसली.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसात मीटिंग लांबली. बंद काचा, एसीची घरघर, समोरच्या भिंतीवर कुणाचे तरी आकडे. मला एकदम तिथी आठवली. सप्तमी. सातची पाऊणपट, मी टेबलाखाली बोटांवर मोजली, सव्वापाच. समोरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. उतार बुडत आला असेल आता.